ग्राफिक कार्डाचा भाव कोण ठरवतं?

(व्याख्यानाचं शब्दांकन)

आजचा विषय कळल्यापासून दोन तऱ्हेचे प्रश्न आमच्याकडे आले. आमच्या वयाची माणसं विचारतात, "सर, ग्राफिक कार्ड म्हणजे काय, लग्नपत्रिका का?" आणि तरुण पोरं विचारतात, "सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे, तुम्हाला यातलं काय कळतं?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत.

पहिल्याचं उत्तर आधी देऊ. कॉम्प्युटरमध्ये एक मुख्य प्रोसेसर असतो. तो एखाद्या घनपाठी पंडितासारखा. अवघड गणित द्या, एकामागून एक सोडवत जाईल. ग्राफिक कार्ड म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेतली तीन-साडेतीन हजार पोरं एकाच मैदानात बसवलेली. प्रत्येकाला बेरीज-वजाबाकीएवढंच काम, पण सगळी एकाच वेळी करतात. पडद्यावर लाखो ठिपके असतात आणि प्रत्येक ठिपक्याचा रंग सेकंदाला साठ-साठ वेळा काढायचा असतो. तिथं पंडित कामाचा नाही, पोरंच पाहिजेत. हे कार्ड गेम खेळणाऱ्यांसाठी जन्माला आलं. पण आज आपल्या धाराशिवात लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्या स्टुडिओवाल्यालाही ते लागतं, इंजिनिअरिंगच्या पोरांना थ्री-डी डिझाइनला लागतं, ॲनिमेशन शिकणाऱ्या मुलीला लागतं. तेव्हा "गेमवाल्यांची रडगाणी आहेत ही" असं म्हणून विषय बाजूला सारता येत नाही.

आता वस्तुस्थिती बघा. फेब्रुवारी 2021 मध्ये एनव्हिडिया कंपनीनं आरटीएक्स 3060 नावाचं मध्यम प्रतीचं कार्ड बाजारात आणलं. कंपनीनं भारतासाठी सांगितलेली किंमत 29,500 रुपये. त्या वर्षात कुणाला त्या भावानं ते मिळालं असेल तर त्यानं तुळजापूरला जाऊन नवस फेडायला हरकत नव्हती. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे आपल्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, तसंच ऑनलाइन दुकानांत भाव दुपटीच्या आसपास, कधी त्याहूनही वर. धाराशिवचा गिऱ्हाईक तर सोलापूर नाहीतर पुणे गाठणार, म्हणजे साखळीच्या अगदी शेवटच्या कडीवरचा. कार्ड तेच, कारखाना तोच. मग मधली रक्कम कशाची?

इथं दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर येतं. तत्त्वज्ञानवाल्याला यात काय कळतं? ॲरिस्टॉटलनं 'पॉलिटिक्स'च्या पहिल्या भागात चपलेचं उदाहरण घेतलंय. तो म्हणतो, चपलेचे उपयोग दोन. एक, पायात घालणं. दुसरा, ती देऊन दुसरं काही घेणं. दोन्ही चपलेचेच उपयोग, पण चप्पल पहिल्यासाठी बनली. पुढं तो असंही दाखवतो की गरज भागवण्यासाठी केलेल्या व्यवहाराला मर्यादा असते, आणि पैशातून पैसा वाढवण्याच्या व्यवहाराला तशी मर्यादा आतून येत नाही. चपला घालायला किती लागतील? दोन जोड, चार जोड. विकायला किती लागतील? त्याला अंत नाही. आमचं म्हणणं एवढंच आहे की ग्राफिक कार्डाची चप्पल झाली. ती कशी झाली याचा इतिहास आज सांगायचाय, आणि तो जेमतेम पंधरा वर्षांचा आहे.

ऑक्टोबर 2008 मध्ये सातोशी नाकामोतो या टोपणनावानं कुणीतरी नऊ पानांचं टिपण प्रसिद्ध केलं. जानेवारी 2009 मध्ये बिटकॉइन सुरू झालं. कल्पना अशी की बँकेशिवाय पैशाची खातेवही ठेवायची, आणि ती एकट्यादुकट्यानं नाही, हजारो कॉम्प्युटरांनी मिळून. वहीचं पुढचं पान कुणी लिहायचं? तर सगळ्यांनी एक आकडा शोधायचा. आकडा बुद्धीनं सापडत नाही, अंदाजपंचे मारत राहायचं. ज्याला आधी सापडेल त्यानं पान लिहायचं आणि बक्षीस म्हणून नवी नाणी घ्यायची. यालाच म्हणतात मायनिंग, खाणकाम. सोन्याच्या खाणीची उपमा मूळ टिपणातच आहे. आता खोदत तर कुणीच काही नाही. पण उपमा जोरदार आहे, आणि जोरदार उपमा माणसाकडून पुष्कळ काही करवून घेतात.

अंदाजपंचे मारायचंय म्हटल्यावर पंडितापेक्षा मैदानातली पोरं बरी, हे 2010 मध्येच लोकांच्या लक्षात आलं आणि ग्राफिक कार्ड या कामाला जुंपलं गेलं. पुढं 2013 पासून फक्त बिटकॉइनसाठी बनवलेल्या खास चिपा आल्या आणि बिटकॉइनवाल्यांनी कार्डांचा नाद सोडला. पण लाइटकॉइनसारखी धाकटी नाणी होती. त्यांच्यापायी 2013 च्या शेवटी अमेरिकेत एएमडी कंपनीची रेडिऑन कार्डं दुकानांतून गायब झाली आणि छापील किमतीच्या कितीतरी वर विकली गेली. ती पहिली चुणूक. आपल्याकडं तिची फार दखल कुणी घेतली नाही.

खरी गोष्ट सुरू होते जुलै 2015 मध्ये, इथेरियमपासून. आणि इथं एक गंमत आहे, कडवट गंमत. बिटकॉइनची खाण खास चिपावाल्या मोठ्या कारखानदारांच्या हातात गेली, हे इथेरियम करणाऱ्यांना खुपत होतं. म्हणून त्यांनी आपलं गणित मुद्दाम असं बेतलं की त्याला भरपूर आणि जलद मेमरी लागावी, खास चिपांना ते परवडू नये, आणि घरच्या साध्या ग्राफिक कार्डावर कुणालाही भाग घेता यावा. हेतू लोकशाहीचा होता. परिणाम काय झाला? गेमवाल्याच्या पोराच्या ताटातली भाकरी नेमकी हेरली गेली.

2017 च्या सुरुवातीला एक इथर साधारण आठ डॉलरला होता. जानेवारी 2018 मध्ये तो चौदाशेच्या आसपास पोचला. मधल्या काळात कार्डं मिळेनात.

आता खाणवाला कार्ड कसं विकत घेतो ते बघू, कारण सगळी गोम इथं आहे. गेम खेळणारा पोरगा वडिलांकडं पैसे मागतो, दिवाळीपर्यंत थांबतो, एक कार्ड घेतो आणि चार-पाच वर्षं वापरतो. त्याची मर्यादा त्याचा खिसा. खाणवाल्याचा हिशेब दिवसांचा असतो. समजा 51,000 रुपये छापील किमतीचं कार्ड आहे. 2021 च्या बऱ्या दिवसांत असं कार्ड वीज वजा जाता रोज तीनशेच्या घरात मिळवून देत होतं. वीज तरी किती? दिवसाला तीनेक युनिट. म्हणजे 170 दिवसांत कार्ड फिटलं. तेच 90,000 ला घेतलं तर 300 दिवसांत फिटेल. तो म्हणेल, ठीक आहे, घेऊ. आणि एक कशाला, पन्नास घेऊ. पोराला 90,000 म्हणजे 'नाही' असं उत्तर, खाणवाल्याला ती फक्त चार महिन्यांची जादा मुदत. भाव ठरतो तो पोराच्या गरजेवरून नाही, इथरच्या त्या दिवसाच्या दरावरून. पोरानं आयुष्यात इथर पाहिलेला नसला तरी.

कुणी म्हणेल, बरं, हजारो लोकांनी कार्डं लावली तर नाणीही पुष्कळ निघतील, मग नाण्याचा भाव पडेल आणि सगळं जागेवर येईल. शेतमालात तसं होतं. कांद्याला भाव आला की सगळे कांदा लावतात आणि पुढच्या वर्षी रस्त्यावर ओततात. इथं तसं होत नाही, आणि हे समजायला धाराशिवकराला बाहेरचा दाखला नको. आपल्याकडच्या बोअरी बघा.

दुष्काळात काय होतं? एकानं तीनशे फूट बोअर घेतली, पाणी लागलं. शेजाऱ्याची आटली, त्यानं पाचशे घेतली. मग पहिल्याची आटली, तो सातशेवर गेला. तमिळनाडूतल्या तिरुचेनगोडेच्या गाड्या रात्रंदिवस शिवारात घरघरतात. साठ मीटरच्या खाली शेतीसाठी जाऊ नये असा भूजल कायदा राज्यात आहे, तो कागदावर आहे. आणि एवढं करून जमिनीत पाणी वाढलं का? एक घागरही नाही. पाणी तेवढंच, फक्त ते कुणाच्या बोअरीत जाणार याची शर्यत. इथेरियमचं अगदी असंच होतं. साधारण तेरा-चौदा सेकंदांना एक पान आणि 2019 पासून पानामागं दोन इथर, हे बक्षीस ठरलेलं. तुम्ही दहा लाख कार्डं लावा नाहीतर एक कोटी लावा. कार्डं वाढली की गणित आपोआप अवघड होतं आणि नाणी तेवढीच निघतात. प्रत्येक नवं कार्ड नवी संपत्ती काढत नाही, दुसऱ्याच्या वाट्यातलं थोडं ओढून घेतं. त्यामुळं प्रत्येकाला आणखी कार्डं लागतात. या मागणीला तळ नाही म्हणतात ते यासाठी. आणि शर्यतीत नसलेल्या, प्यायला एक घागर मागणाऱ्या माणसालाही पाणी त्याच भावानं घ्यावं लागतं.

मग कंपन्यांनी जास्त कार्डं का काढली नाहीत? हा चांगला प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर 2018 मध्ये आहे. त्या वर्षी इथर कोसळला, वर्षाअखेर शंभर डॉलरच्या आसपास आला. खाणवाल्यांनी कार्डं विकायला काढली आणि कंपन्यांच्या गोदामांत माल पडून राहिला. नोव्हेंबरमध्ये एनव्हिडियाला तसं जाहीर सांगावं लागलं, शेअर आपटला. पुढं मे 2022 मध्ये अमेरिकेच्या शेअरबाजार नियामकानं याच कंपनीला 55 लाख डॉलरचा दंड केला. ठपका असा की गेमिंगच्या नावाखाली दाखवलेल्या विक्रीच्या वाढीत खाणवाल्यांचा हात किती मोठा आहे, हे गुंतवणूकदारांना नीट सांगितलं नव्हतं. कंपनीनं आरोप मान्यही केले नाहीत, नाकारलेही नाहीत, दंड भरला. आमच्या मते हा सगळ्या प्रकरणातला सर्वांत बोलका कागद आहे. कार्डाच्या खोक्यावर चित्र गेमचं, जाहिरात गेमची, आणि घेणारा कोण हे वहीत धूसर.

एकदा पोळल्यावर कोण कारखाना वाढवील? चिपांचा कारखाना म्हणजे पिठाची गिरणी नाही. उभा करायला वर्षं लागतात, आणि नाण्याचा भाव रात्रीत पडतो.

आपल्या मुलखाला ही गोष्ट अगदीच अनोळखी नाही, म्हणून जरा मागं जाऊ. दूरच्या गिऱ्हाइकासाठी माल करणं आपल्याला दोन हजार वर्षांपासून ठाऊक आहे. आपलं तेर, तेव्हाचं तगर. तिथून कापड गाड्यांवर लादून भडोचला जायचं आणि तिथून रोमन जगात, असं पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक खलाशी-पुस्तकात नोंदलंय. पण खाणीच्या प्रकरणाशी जास्त जवळचा आहे तो कापसाचा तेजीचा काळ. तुम्हाला माहीत असेल, 1853 च्या तहानं निजामानं वऱ्हाडाबरोबर धाराशिव-नळदुर्गचा भागही इंग्रजांकडं दिला होता. 'ठगाची जबानी' लिहिणारा मेडोज टेलर तेव्हा नळदुर्गात राहून आपल्या जिल्ह्याचा कारभार बघायचा. 1860 मध्ये हा भाग निजामाकडं परत आला, त्याच सुमारास रेल्वे सोलापूरला पोचली. आणि पुढच्याच वर्षी तिकडं अमेरिकेत यादवी सुरू झाली.

अमेरिकेचा कापूस बंद झाला. लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस पाहिजे, कोणत्याही भावानं पाहिजे. मुंबईत कापसाचे भाव काही पटींनी चढले. वऱ्हाड, खानदेश, धारवाड, सगळीकडं कापूस लावला गेला. शेतकऱ्याच्या हातात रुपया खुळखुळला, हे खरं, आणि ते नाकारायचं कारण नाही. पण गावातल्या कोष्ट्याचं काय? त्याच्या मागाला लागणारं सूत त्याच कापसाचं. लिव्हरपूलच्या बाजारातल्या भावानं त्याला इथं सूत घ्यावं लागलं, आणि त्याचं लुगडं घेणाऱ्या बाईची मजुरी काही लिव्हरपूलच्या हिशेबानं वाढली नव्हती. मुंबईत तर बॅक बे भरावाच्या शेअरचं वेड लागलं. प्रेमचंद रायचंद हे नाव सगळ्यांच्या तोंडी. एप्रिल 1865 मध्ये युद्ध संपलं, कापूस पडला, पेढ्या बुडाल्या, खुद्द प्रेमचंद दिवाळखोरीत गेले आणि बँक ऑफ बॉम्बेही पुढं उठली.

दोन्हींत फरक आहे, तो झाकायचा नाही. कापूस जास्त पेरला की जास्त पिकला, आणि त्याचं शेवटी कुणाच्या तरी अंगावर कापड झालं. कार्डांच्या शर्यतीतून कापड निघालं नाही. खातेवही राखली गेली हे खरं, पण ती याच्या शतांशापेक्षा कमी विजेतही राखता येत होती. कशावरून? ते पुढं सांगतो.

आता दुसरी लाट. भारतात रिझर्व्ह बँकेनं एप्रिल 2018 मध्ये बँकांना या नाण्यांच्या व्यवहारापासून दूर राहायला सांगितलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं 4 मार्च 2020 रोजी ते परिपत्रक रद्द केलं. तीन आठवड्यांत लॉकडाऊन लागलं. माणसं घरात, शाळा कॉम्प्युटरवर, करमणूक कॉम्प्युटरवर, चिपांचा तुटवडा जगभर, जहाजांचं भाडं वाढलेलं. त्यात इथर पुन्हा चढायला लागला, आणि नोव्हेंबर 2021 मध्ये पावणेपाच हजार डॉलरच्या वर गेला. तेव्हा भाववाढीचं सगळं खापर खाणवाल्यांच्या माथी मारणं बरोबर नाही. महामारी होती, साठेबाज होते, दलाल होते. पण साठेबाज कधी साठवतो? पुढं कुणीतरी कोणत्याही भावानं घेणारा उभा आहे याची खात्री असते तेव्हा. ती खात्री खाणवाल्यानं दिली.

कंपनीनं उपाय करून पाहिला. 3060 कार्डावर कुलूप लावलं. इथरची खाण चालू आहे असं कार्डाला कळलं की वेग निम्मा. गेमला पूर्ण वेग. आम्हाला हे तत्त्वज्ञानाच्या दृष्टीनं फार आवडलं, कारण वस्तूनंच विचारायचं की मला कशासाठी वापरता! पण महिना उलटायच्या आत कंपनीनंच चुकून एक सॉफ्टवेअर सोडलं, त्यात ते कुलूप उघडं राहिलं. चोराच्या हाती किल्ली द्यायला दुसरं कुणी लागलंच नाही.

महाराष्ट्रात 'मायनिंग' हा शब्द घराघरांत पोचला तो मात्र कार्डांमुळं नाही, फसवणुकीमुळं. गेनबिटकॉइन नावाची योजना होती. बिटकॉइन आमच्याकडं द्या, आम्ही खाण चालवू, दरमहा 10 टक्के, 18 महिने. हिशेब करून पाहणाऱ्याला पहिल्याच ओळीत शंका यायला पाहिजे होती. योजनेचा सूत्रधार म्हणून अमित भारद्वाजला पुणे पोलिसांनी 2018 मध्ये अटक केली, जानेवारी 2022 मध्ये तो वारला, तपास पुढं सीबीआयकडं गेला. पैसे घालणाऱ्यांपैकी बहुतेकांनी खाणीचं एक यंत्रही डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. उपमेची ताकद म्हटलं ना, ती ही.

शेवट कसा झाला? सरकारांनी केला नाही. चीननं 2021 मध्ये खाणी बंद पाडल्या, त्या दुसऱ्या देशांत गेल्या. आपल्याकडं एप्रिल 2022 पासून नफ्यावर 30 टक्के कर आला, त्यानं खरेदी-विक्री थंडावली, कार्डांच्या जागतिक भावाला त्यानं काय होणार? शेवट इथेरियमनं स्वतःच केला. 15 सप्टेंबर 2022 रोजी त्यांनी आकडे शोधायची शर्यतच बंद केली. आता ज्यानं नाणी तारण ठेवलीत त्यातून पान लिहिणारा निवडायचा. विजेचा खर्च 99.95 टक्क्यांनी उतरला, असा त्यांचाच अंदाज. खातेवही चालूच राहिली. लक्षावधी कार्डं एका दिवसात बेरोजगार झाली आणि जुन्या बाजारात आली. लॅमिंग्टन रोडवरच काय, गावोगावच्या पोरांना स्वस्तात कार्डं मिळाली, काही चांगली निघाली, काहींचे पंखे वर्षभर अखंड फिरून झिजलेले.

तर पोरांनी सुटकेचा श्वास टाकला, आणि जेमतेम अडीच महिन्यांत, नोव्हेंबर 2022 मध्ये चॅटजीपीटी आलं. कृत्रिम बुद्धिमत्तेलाही मैदानातली तीच पोरं लागतात, आणि या वेळी घेणारा गॅरेजात पन्नास कार्डं लावणारा नाही. जगातल्या सगळ्यांत श्रीमंत कंपन्या रांगेत पुढं उभ्या आहेत. ही मागणी खाणीसारखी पोकळ आहे असं आम्ही म्हणणार नाही, तिच्यातून काहीतरी निपजतं. पण स्टुडिओवाल्याच्या बाजूनं पाहिलं तर त्याच्या वस्तूचा भाव पुन्हा दुसऱ्याच्या वहीत ठरतोय. 2025 च्या अखेरीस तर साध्या रॅमचे भाव भडकले, आणि 3 डिसेंबरला मायक्रॉन कंपनीनं जाहीर केलं की किरकोळ गिऱ्हाइकांसाठीचा 'क्रुशल' हा सुमारे तीस वर्षांचा आपला धंदाच ती बंद करणार, माल मोठ्या डेटा सेंटरना देणार. म्हणजे इथं भाव वाढवून विकणं राहिलं बाजूला, लहान गिऱ्हाइकासाठीचं दुकानच उचललं.

एवढं सांगून थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ, आणि मागं बसलेल्या पोरांनी आधी विचारावेत.